आइसलँडमध्ये मोटरहोमने सावकाश फिरायचे असेल तर: ऋतू, वारा आणि राखीव दिवस

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: तुम्ही दोघे आणि सत्तरीला आलेले आईबाबा असे चौघे पुण्याहून बारा दिवसांसाठी आइसलँडला जाऊन मोटरहोम, म्हणजे आतच राहण्या-झोपण्याची सोय असलेली गाडी, भाड्याने घेणार आहात, बेटाला वळसा घालणारा संपूर्ण रिंग रोड करावा असे मनात आहे, आणि जून, सप्टेंबर की ध्रुवीय प्रकाशासाठी थेट जानेवारी, हे ठरत नाही. मी उत्तर जर्मनीत राहते, स्वतःची मोटरहोम डेन्मार्कमधील हिर्त्सहाल्स बंदरातून बोटीने आइसलँडला नेते आणि हिवाळ्यासह सगळ्या ऋतूंत तिथे राहिले आहे. त्यामुळे आधी निष्कर्ष सांगते, कारणे मागून येतील. बारा दिवसांत पूर्ण फेरी करू नका. सप्टेंबरचा पहिला पंधरवडा निवडा आणि रेक्याविकपासून दक्षिण किनाऱ्याने होप्न या गावापर्यंत जाऊन त्याच वाटेने परत या. जानेवारीत जायची इच्छा असेल तर जरूर जा, पण मोटरहोम घेऊन जाऊ नका.

रिंग रोडची लांबी सुमारे १,३२२ किलोमीटर आहे. बाराने भागले की रोजचे एकशे दहा किलोमीटर येतात आणि हा आकडा फारच सोपा वाटतो. प्रत्यक्षात पहिला दिवस विमानतळावरून गाडी ताब्यात घेण्यात, ती समजून घेण्यात आणि किराणा भरण्यात जातो, तर शेवटचा दिवस गाडी धुऊन, टाक्या रिकाम्या करून परत देण्यात जातो. भारतातून थेट विमान नसल्यामुळे आईबाबा दोन विमाने बदलून थकलेले असतील, म्हणून पहिल्या दिवशी लांबचा पल्ला धरूच नये. उरलेल्या दहा दिवसांतून वाऱ्यामुळे गाडी जागची हलवू नये असा एखादा दिवस वजा करावाच लागतो, कधी दोन. शिवाय पाहण्याजोगी ठिकाणे मुख्य रस्त्यावर ओळीने मांडलेली नाहीत. देत्तिफोस धबधबा, हूसाविक बंदर किंवा स्नैफेल्सनेस द्वीपकल्प यांसाठी आडवाटा घेतल्या की पल्ला सहज अठराशे-एकोणीसशे किलोमीटरच्या पुढे जातो. मोटरहोमचा सरासरी वेग ताशी साठच्या आसपास धरावा. म्हणजे फेरी पूर्ण होईल, पण ती पूर्ण करण्यापलीकडे हाती फारसे काही लागणार नाही.

याहून महत्त्वाचे कारण वेगळे आहे. जाऊन परत येण्याच्या वाटेवर तुम्ही कुठूनही मागे फिरू शकता. पूर्ण फेरीत ती सोय राहत नाही. एकदा पूर्वेकडील एयिल्सस्तादिरच्या पुढे गेलात की उत्तरेने जा किंवा दक्षिणेने, विमानतळ जवळजवळ सारखाच लांब असतो, आणि मधल्या पठारावर वादळ आले तर परतीच्या विमानाची तारीख डोळ्यांसमोर नाचू लागते. माझ्या पाहण्यात आलेले बहुतेक अपघात आणि फाटलेली दारे याच परिस्थितीतली आहेत: चालक अननुभवी नव्हते, त्यांच्याकडे थांबायला दिवस उरला नव्हता. म्हणून मी राखीव दिवसाला चैन मानत नाही. आइसलँडमध्ये सावकाश फिरणे ही आवडीनिवडीची बाब कमी आणि सुरक्षिततेची पद्धत अधिक आहे. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटरपेक्षा जास्त नाही, शक्य तिथे एकाच ठिकाणी दोन रात्री, आणि एकूण मुक्कामात किमान दोन दिवस असे, ज्यांना कोणतेही काम नेमून दिलेले नाही. एवढे पाळले की बाकीच्या गोष्टी आपोआप जुळून येतात.

आता वाऱ्याविषयी, कारण लोक थंडीची चौकशी करतात आणि वारा विसरतात. तिथे वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात सांगतात, आकड्याला ३.६ ने गुणले की ताशी किलोमीटर मिळतात. म्हणजे १५ हा आकडा लहान दिसला तरी तो ताशी ५४ किलोमीटरचा वारा असतो आणि २५ म्हणजे ताशी ९०. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. सात मीटर लांब आणि अडीच-तीन मीटर उंच अशा मोटरहोमच्या कुशीवर २५ मीटरच्या आडव्या वाऱ्यात सुमारे पाऊण टनाचा रेटा येतो, आणि गाडीचे एकूण वजन असते साडेतीन टन. त्यात तो रेटा एकसारखा राहत नाही. तो झोतांनी येतो, मध्येच सुटतो आणि स्टिअरिंग ज्या बाजूला धरून ठेवले असेल त्या बाजूला गाडी ओढली जाते. माझा स्वतःचा नियम असा आहे की सरासरी वारा १५ च्या पुढे असेल किंवा झोत २० च्या पुढे जाणार असतील, तर उंच गाडी हलवायची नाही. लहान कॅम्पर व्हॅनसाठी मर्यादा थोडी वर नेता येते, चौघांच्या मोठ्या गाडीसाठी नाही.

हे झोत कुठे येतात ते बऱ्याच अंशी ठरलेले आहे. डोंगराचा उभा कडा आणि त्याच्या पायथ्याशी रस्ता, अशी रचना असली की वरून घसरणारा वारा तिथे आदळतो. रेक्याविकमधून उत्तरेला निघाल्यावर क्यालार्नेस, पुढे बोर्गार्नेसच्या अलीकडे हाप्नारफ्यात्ल, दक्षिणेला एयाफ्योत्लचा पायथा, लोमाग्नूपुरचा कडा आणि त्यानंतर उरैवी भागातील सांदफेल. ही नावे कागदावर लिहून डॅशबोर्डवर चिकटवून ठेवा. यांतल्या बऱ्याच ठिकाणांच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला विजेवर चालणारा फलक असतो, त्यावर तापमान, वाऱ्याची दिशा व वेग आणि ‘ह्विदुर’ असे लिहून पुढे झोताचा आकडा दिलेला असतो. पाहायचा तो हाच शेवटचा आकडा. फलकावर सरासरी १४ आणि झोत २८ असे मी अनेकदा वाचले आहे, आणि त्या वेळी फलकापाशी आकाश निरभ्र, गवत जेमतेम हलणारे, असे दृश्य असते. तिथून मागे वळून गावातील पेट्रोलपंपाशी जाऊन दोन तास चहा घेत बसणे हाच योग्य निर्णय असतो, कारण वारा बहुतेक वेळा काही तासांत दिशा तरी बदलतो किंवा उतरतो.

गाडी उभी असतानाही वारा नुकसान करतो. थांबताना नाक वाऱ्याकडे करून थांबा. दार उघडण्यापूर्वी शेजारच्या माणसाला ‘थांबा’ म्हणा, काच थोडी खाली करून अंदाज घ्या, मग दार दोन्ही हातांनी धरून हळूहळू उघडा, आणि एका वेळी एकच दार. हे आईबाबांना पहिल्याच दिवशी दोन-तीनदा करून दाखवावे लागेल. वाऱ्याने उलटे फिरून बिजागरीपासून वाकलेले दार हे तिथले सर्वांत सामान्य नुकसान आहे आणि भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा ते भरून देत नाही. वाळू आणि राखेचा वेगळा विमा मात्र मिळतो. तुमची वाट मिर्दाल्ससांदुर आणि स्केदारारसांदुर या दोन काळ्या वाळूच्या मैदानांतून जाणार असल्यामुळे तो घ्यावा. वादळात ती वाळू रंग खरवडून काढते आणि काच धूसर करते.

वाट दक्षिणेची का, तर सावकाश फिरण्यासाठी ती सर्वांत समृद्ध आहे. रेक्याविकहून विकपर्यंत सुमारे १९० किलोमीटर आहेत. हे अंतर लोक एका दिवसात उरकतात, तुम्ही तीन दिवस घ्या. पहिल्या मुक्कामासाठी थिंगवेत्लिर किंवा सेल्फोसच्या आसपासचा एखादा कॅम्प (गाडी लावून रात्र काढण्याची नेमलेली जागा) पाहा, दुसऱ्यासाठी स्कोगार, जिथे कॅम्पमधून ६० मीटर उंचीच्या स्कोगाफोसचा आवाज रात्रभर ऐकू येतो. आईबाबांना वर चढायचे नसेल तर धबधब्याच्या पायथ्यापर्यंत सपाट वाट आहे. विकजवळील रेनिसफ्यारा किनाऱ्यावर मात्र ज्येष्ठांना पाण्यापासून दूर ठेवा. तिथे मधूनच एखादी लाट इतरांच्या कितीतरी पुढे येते, माणसाचे पाय उचलते आणि आत ओढते. तिथे माणसे दगावलेली आहेत, म्हणून इशाऱ्याचे दिवे बसवले आहेत. दिवा लाल असेल तर वाळूवर उतरूच नये.

विकच्या पुढे किर्क्युबैयारक्लोइस्तुर हे लांबलचक नावाचे लहान गाव लागते. स्थानिक लोक नुसते क्लोइस्तुर म्हणतात. १७८३ साली लाकी या ज्वालामुखीच्या भेगेतून लाव्हा वाहू लागला, तो आठ महिने वाहत होता, त्याच्या विषारी धुक्याने जनावरे मेली आणि मागून आलेल्या दुष्काळात देशाची सुमारे पंचमांश लोकसंख्या गेली. आज त्या लाव्ह्यावर घोटाभर जाडीचे राखाडी-हिरवे शेवाळ आहे. त्यावर पाय ठेवू नका. तुटलेले शेवाळ परत भरून यायला कित्येक दशके लागतात, आणि तुमच्यामागून येणारे तुमच्याच पावलांवरून चालतात.

तिथून स्काफ्ताफेलकडे जाताना स्केदारारसांदुर ओलांडावे लागते, आणि या मैदानावर मी दर वेळी गाडी थांबवते. रिंग रोडला पूर्णत्व १९७४ साली आले ते इथेच, कारण हिमनदीच्या सतत पात्र बदलणाऱ्या प्रवाहांवर तोवर पूल टिकवता येत नव्हता. १९९६ च्या शरदात वात्नायोकुल हिमाच्छादनाखाली उद्रेक झाला, वितळलेले पाणी काही आठवडे बर्फाखाली साठत राहिले आणि ५ नोव्हेंबरला फुटून बाहेर पडले; घरांएवढे हिमखंड वाहत आले, एक पूल पूर्ण गेला आणि दुसऱ्याचा मोठा भाग तुटला. तुटलेल्या पुलाच्या पिळवटलेल्या पोलादी तुळया आज रस्त्याच्या कडेला ठेवलेल्या आहेत. तुळईला हात लावून उभे राहिले की पोलादाची जाडी कळते, आणि ती कशी वळली आहे हेही दिसते. तासाला ऐंशीच्या वेगाने जाणाऱ्यांना तो भंगाराचा ढीग वाटतो.

स्काफ्ताफेलला तीन रात्री राहा. राष्ट्रीय उद्यानाचा कॅम्प मोठा आणि वर्षभर चालणारा आहे, हिमनदीच्या जिभेपर्यंत जवळजवळ सपाट वाट जाते आणि तुमचा एखादा राखीव दिवस इथेच खर्च होण्याची शक्यता सर्वाधिक आहे, कारण सांदफेल पुढ्यातच आहे. योकुलसारलोन हे हिमखंडांचे सरोवर इथून सत्तावन्न किलोमीटरवर. सकाळी लवकर जावे, दुपारच्या बस येण्यापूर्वी. आणखी ऐंशी किलोमीटरवर होप्न हे मासेमारीचे बंदर आहे, तिथून मागे वळायचे. परतीची वाट तीच असली तरी तिचा कंटाळा येणार नाही. जाताना ढगांत बुडालेला डोंगर येताना उघडा असतो, आणि जाताना वाऱ्यामुळे सोडून दिलेली जागा येताना पाहता येते. सगळे दिवस सुरळीत गेले आणि शेवटी दोन उरले, तरच स्नैफेल्सनेसचा विचार करावा.

ऋतूंविषयी क्रमाने सांगते. आइसलँडच्या पंचांगात उन्हाळ्याचा पहिला दिवस एप्रिलमधील १९ ते २५ तारखांदरम्यानच्या गुरुवारी येतो आणि त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, पण गाडी घेऊन जाणाऱ्याने त्यावर विसंबू नये. एप्रिल आणि मेचा पूर्वार्ध हा वितळण्याचा काळ असतो. खडीच्या रस्त्यांखालची गोठलेली माती सैल होते, चाके रुततात आणि बरेचसे कॅम्प अजून उघडलेले नसतात. मेच्या उत्तरार्धात मात्र देश फार सुंदर असतो: कोकरे जन्मलेली असतात, पफिन हे समुद्रपक्षी कड्यांवर परतलेले असतात, धबधब्यांना वितळत्या बर्फाचे पाणी असते आणि गर्दी नसते.

जून-जुलैमध्ये, विशेषतः २१ जूनच्या सुमारास, रेक्याविकला मध्यरात्रीच्या आसपास सूर्य मावळतो आणि तीन वाजण्याच्या सुमारास पुन्हा उगवतो. मधला काळही उजेडाचाच. याचा फायदा असा की दिवसा वारा असेल तर संध्याकाळी सात वाजता निघून दहापर्यंत निवांत गाडी चालवता येते. तोटा असा की झोप बिघडते, आणि ज्येष्ठांची अधिक बिघडते. गाडीच्या खिडक्यांना पूर्ण काळोख करणारे पडदे आहेत का हे आधी विचारावे. उत्तर भाग पाहायचा असेल तर हाच काळ योग्य आहे: अकुरेयरी, सिग्लुफ्योर्दुरचे हेरिंग माशांच्या उद्योगाचे संग्रहालय, हूसाविकहून देवमाशांसाठी निघणाऱ्या बोटी आणि मिवात्न सरोवर. मिवात्नवर चिलटांचे थवे नाकातोंडात जातात, म्हणून डोक्यावरून घ्यायची जाळी बरोबर ठेवावी. पूर्व किनाऱ्यावरील द्युपिवोगुर हे गाव संथ जीवनशैलीला बांधील असलेल्या ‘चित्तास्लो’ या आंतरराष्ट्रीय जाळ्याचे सदस्य आहे. लांबचा मुक्काम असेल तर तिथे दोन दिवस नुसते बंदरावर काढावेत. ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी सुट्टी असते आणि त्याआधीच्या शनिवार-रविवारी अख्खा देश तंबू घेऊन बाहेर पडतो. त्या तीन दिवसांत कॅम्पवर जागाही मिळणे कठीण आणि शांतताही.

मध्य पठारावरील ‘एफ’ अक्षराने सुरू होणारे रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतात. तिथे चारचाकी चालन (फोर-व्हील ड्राइव्ह) असलेली गाडीच लागते, नद्या पाण्यातून ओलांडाव्या लागतात आणि पाण्यातून झालेले नुकसान बहुतेक भाडेकरार भरून देत नाहीत. मोटरहोमने त्या वाटेला जाऊच नये. पठार पाहायचेच असेल तर उन्हाळ्यात उंच चाकांच्या बस जातात.

सप्टेंबरचा पहिला पंधरवडा मी तुमच्यासाठी का निवडला, तर त्यात दोन्ही गोष्टी थोड्या-थोड्या मिळतात. दिवस तेरा-चौदा तासांचा असतो, त्यामुळे गाडी उजेडातच चालवून होते; रात्री पुरेशा काळ्या असतात, त्यामुळे आकाश मोकळे असले तर ध्रुवीय प्रकाश दिसू शकतो; बहुतेक कॅम्प अजून उघडे असतात. डोंगरांवरील खुजी झुडपे तांबडी-पिवळी झालेली असतात. पठारावर उन्हाळाभर चरलेल्या मेंढ्या गावकरी घोड्यांवरून खाली आणतात आणि गोल कुंपणात कानांवरच्या खुणा पाहून मालकांना वाटून देतात. या ‘रेत्तिर’ला पाहुण्यांना मज्जाव नसतो, फक्त कळपाच्या वाटेत गाडी उभी करू नये. ध्रुवीय प्रकाशासाठी रात्रभर गाडी हिंडवू नका. आइसलँडच्या हवामान खात्याच्या ‘वेदुर डॉट आयएस’ या संकेतस्थळावर ढगांचा नकाशा असतो. मुक्कामाच्या वर आकाश मोकळे असेल तर दहा ते एकच्या दरम्यान अधूनमधून बाहेर डोकावावे, नसेल तर झोपावे. पंधरा तारखेनंतर शरदातील वादळांची रांग लागते आणि कॅम्प एकामागून एक बंद होऊ लागतात, म्हणून महिन्याच्या अखेरीस जाऊ नका.

हिवाळ्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण जानेवारीचा मोह अनेकांना होतो. रेक्याविकचे जानेवारीतील सरासरी तापमान शून्याच्या आसपास असते; समुद्रप्रवाहांमुळे थंडी फार टोकाची नसते. अडचण नेमकी तीच आहे. पारा दिवसभर शून्याच्या वरखाली होत राहतो, पाऊस पडून गोठतो, त्यावर पुन्हा पाऊस पडतो, आणि ओल्या बर्फाच्या आरशावर आडवा वारा वाहतो. उंच, हलक्या कुशीची गाडी खिळ्यांचे टायर असूनही तिथे टिकत नाही. महिन्याच्या सुरुवातीला दिवसाचा उजेड चार-पाच तास. उघडे कॅम्प मोजके.

गाडीच्या आतही काम वाढते. साधारण ४ किलोवॅटचा गॅस हिटर पूर्ण जोरात चालला तर तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे ११ किलोचा सिलिंडर दीड दिवसात संपतो. मध्यम आचेवर तीन दिवस. सिलिंडरमध्ये प्रोपेन असायला हवा, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होणेच थांबवतो आणि हिटर मध्यरात्री विझतो. अनेक गाड्यांत गरम पाण्याच्या बॉयलरला एक संरक्षक झडप असते. आतले तापमान साधारण ३ अंशांवर आले की ती आपोआप उघडते आणि नळी फुटू नये म्हणून सगळे पाणी खाली सोडून देते. सकाळी नळ कोरडा आणि गाडीखाली बर्फाचे थारोळे, असे दिसले तर गाडी बिघडलेली नसते, हिटर रात्री बंद पडलेला असतो. सांडपाण्याची टाकी गाडीच्या पोटाखाली उघडी असेल तर तीही गोठते. चौघांचा श्वास आणि कुकरची वाफ खिडक्यांवर, गादीखाली, कपाटाच्या मागे पाणी होऊन बसते. रोज सकाळी ते पुसावे लागते आणि छताची झडप किंचित उघडी ठेवूनच झोपावे लागते. हे सप्टेंबरमध्येही थोड्या प्रमाणात करावे लागेल. एक गोष्ट मात्र कोणत्याही ऋतूत करू नका: ऊब यावी म्हणून स्वयंपाकाची शेगडी पेटती ठेवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

जानेवारीतच जायचे असेल तर रेक्याविकमध्ये किंवा दक्षिणेला एखाद्या अतिथिगृहात मुक्काम करा आणि बुटक्या, चारचाकी चालनाच्या गाडीने दिवसाच्या उजेडात जवळपास फिरा. बर्फातल्या मोटरहोमचीच हौस असेल तर फिनलंडचा लॅपलँड अधिक योग्य आहे. तिथे पारा उणे पंचवीसच्याही खाली उतरू शकतो, पण जंगलामुळे वारा कमी असतो आणि बर्फ कोरडा राहतो. त्यासाठी गाडी मात्र पूर्ण हिवाळी बांधणीची हवी.

रात्री कुठेही गाडी लावून झोपता येत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. निसर्गसंरक्षण कायद्यानुसार मोटरहोम किंवा कॅम्परमध्ये रात्र काढायची असेल तर ती नेमलेल्या कॅम्पवर, नाहीतर जमीनमालकाची परवानगी घेऊनच. वाहनतळावर, धबधब्यापाशी, रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या जागेत नाही. रस्ता सोडून मातीवर किंवा शेवाळावर गाडी घालणे हा तर गुन्हा आहे आणि दंड जबर आहे. शौचालयाची कॅसेट (काढता येणारी मैल्याची टाकी) आणि सांडपाणी फक्त कॅम्पवर किंवा काही पेट्रोलपंपांवरील ठरलेल्या जागी रिकामे करावे. कॅम्पसाठी सवलतीचे एक कार्ड मिळते, ते दोन प्रौढांपुरते असते. तुम्ही चौघे प्रौढ असल्याने ते परवडते का, हे तुमच्या वाटेवरील कॅम्प त्यात आहेत का ते पाहून ठरवा.

चालवण्याविषयी. गाडी उजव्या बाजूने, स्टिअरिंग डावीकडे, आणि गिअर उजव्या हाताने. तुम्ही दोघेही पुण्यात चालवता, तरी पहिले दोन दिवस शेजारी बसणाऱ्याने प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ असे मोठ्याने म्हणायचे ठरवून ठेवा. गावाबाहेर डांबरी रस्त्यावर ताशी ९०, खडीवर ८०, गावात ५० ही मर्यादा. मोटरहोमसाठी खडीवर पन्नासही पुष्कळ झाले. डांबर संपते त्या रेषेवर वेग आधीच उतरलेला असावा, कारण खडीवर ब्रेक दाबला की गाडी घसरते. दक्षिणेत अजूनही काही पूल एकेरी आहेत, ‘एइनब्रेइद ब्रू’ असा फलक असतो. पुलाजवळ जो आधी पोहोचेल तो आधी जातो, पण समोरच्याने वेग कमी केलेला दिसेपर्यंत पुलावर चढू नये. मेंढी रस्त्याच्या एका कडेला आणि कोकरू दुसऱ्या कडेला दिसले तर गाडी जवळजवळ थांबवा. कोकरू आईकडे धावणारच. परवाना इंग्रजीत असला तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. मागून गाड्यांची रांग लागली की सुरक्षित जागा पाहून बाजूला थांबावे आणि त्यांना जाऊ द्यावे. सावकाश जाणाऱ्याने एवढे करायलाच हवे.

स्वयंपाकाची चिंता करू नका. बोनुस आणि क्रोनान या दुकानांत तांदूळ, डाळी, भाज्या, दही, स्कीर हा तिथला दह्यासारखा घट्ट पदार्थ, सगळे मिळते. मसाले, पोहे, मेतकूट घरून न्यावे, कच्चे मांस आणि कच्ची अंडी नेता येत नाहीत. थंड नळाचे पाणी निर्धास्त प्यावे, बाटल्या विकत घेऊ नयेत. टाकी अर्धी झाली की डिझेल भरावे, आणि पंपावर माणूस नसतो म्हणून चार आकडी पिन असलेले कार्ड जवळ हवे.

आईबाबांसाठी सगळ्यांत मोठी सोय म्हणजे गावोगावचे भूगर्भातील गरम पाण्यावर चालणारे सार्वजनिक जलतरण तलाव. लहानशा गावातही तलावाशेजारी ३८ ते ४२ अंशांचे गोल हौद असतात, त्यांत गळ्यापर्यंत बसून गावातली म्हातारी माणसे रोज संध्याकाळी गप्पा मारतात, आणि पाहुण्यांना जागा करून देतात. गाडीतल्या चिमुकल्या न्हाणीघरापेक्षा तिथे आंघोळ करणे केव्हाही चांगले, आणि सांध्यांनाही आराम मिळतो. मात्र तलावात उतरण्यापूर्वी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने पूर्ण अंग धुवावे लागते, स्त्री-पुरुषांची न्हाणीघरे वेगळी असतात, आणि या नियमाला अपवाद नाही. पाण्यात क्लोरिन कमी असते ते याच शिस्तीमुळे. आईंना संकोच वाटण्याची शक्यता आहे, म्हणून हे पुण्यातच सांगून ठेवा. पडद्याचा आडोसा बऱ्याच ठिकाणी असतो.

रोजचा क्रम असा ठेवा: सकाळी चहाच्या वेळी हवामान खात्याचा वाऱ्याचा नकाशा आणि ‘उमफेर्दिन डॉट आयएस’वर रस्त्याची स्थिती, निघण्यापूर्वी पुन्हा एकदा, आणि दुपारी थांबल्यावर तिसऱ्यांदा. रस्त्याच्या माहितीसाठी तिथला दूरध्वनी १७७७ आहे, संकटात ११२. इशारे पिवळा, नारिंगी आणि लाल अशा रंगांत येतात. पिवळ्यालाही मोटरहोमने थांबावे. बचावपथकातले लोक स्वयंसेवक असतात, आपली नोकरी किंवा शेतीचे काम टाकून येतात, त्यामुळे त्यांना विनाकारण वादळात बोलावण्याची वेळ आणू नये.

गाडी नक्की करण्यापूर्वी भाडे कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा: हिटर गॅसवर आहे की डिझेलवर आणि तो गाडी बंद असताना रात्रभर चालतो का, वाऱ्याने दार तुटल्यास भरपाई किती आणि कोणाची, आणि वादळाच्या इशाऱ्यामुळे गाडी एक दिवस उशिरा परत आली तर जादा पैसे किती. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर परतीचे विमान गाडी देण्याच्या दुसऱ्या दिवशीचे घ्या आणि शेवटची रात्र विमानतळाजवळच्या केप्लाविक गावात काढा.